मधल्या फळीचे श्रेय

मधल्या फळीतील भारतीय फुटबॉलपटू (मिडफिल्डर) संगीता बासफोर यांच्या कारकिर्दीवरील आपण प्रसिद्ध केलेल्या लेखात, ५ जुलै २०२५ रोजी थायलंडमधील चियांग माई येथे त्यांनी थायलंडविरुद्ध केलेल्या दोन गोलांचे वर्णन सुरेख झाले आहे. २-१ अशा त्या विजयामुळेच भारतीय महिला संघ प्रथमच पात्रता फेरी जिंकून आशियाई चषकात पोहोचला. तथापि, मिडफिल्डरचे मोल केवळ गोलांवरून ठरवू नये, असे मला आग्रहाने वाटते. बचावफळीकडून आलेला चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या गर्दीत ताब्यात ठेवणे, मोकळी सहकारी हेरून तो अचूक देणे आणि चेंडू हातचा गेला की तत्काळ मागे धावणे, हे कष्ट गोलफलकावर उमटत नाहीत. इंदूरमध्ये मुलींना फुटबॉल शिकवताना मला दिसते की, प्रत्येकीला पुढच्या फळीतच खेळायचे असते. म्हणून बासफोर यांच्या मधल्या फळीतील खेळाचे सविस्तर विश्लेषण स्वतंत्र लेखातून द्यावे, ही विनंती.