खुलासा : आजारातून उठलेल्या वयस्क कुत्र्याला उपाशी ठेवण्याविषयी

‘पोट बिघडलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याला दोन-तीन दिवस उपाशी ठेवावे, मग दूध-भातावर आणावे’ असा सल्ला सध्या फिरत आहे. तो दोन्ही अंगांनी चुकीचा आहे. उलट्या थांबल्यानंतर लांबलेल्या उपवासाने आतड्याच्या अस्तराची झीज भरून येण्यास उशीर होतो आणि वयस्क कुत्र्याचे स्नायू लवकर झडतात. दुधाचे म्हणाल, तर पुष्कळ प्रौढ कुत्र्यांना त्यातील लॅक्टोज (दुधातली साखर) पचत नाही, त्यामुळे थांबलेले जुलाब पुन्हा सुरू होऊ शकतात.

त्याऐवजी कातडी व हाडे काढलेली उकडलेली कोंबडी आणि मऊ भात, मीठ-मसाल्याशिवाय, दिवसातून चार ते सहा वेळा थोडा थोडा द्यावा. वयाबरोबर वासाची जाण मंदावते, म्हणून अन्न कोमट करून दिल्यास त्याचा दरवळ वाढतो आणि तोंड न लावणारे कुत्रेही कधी कधी खाऊ लागते. चवीसाठी कांदा-लसणाची फोडणी मात्र नको, कारण त्याने कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. (घरातला रस्सा याच कारणासाठी बाद.)

चोवीस तास अन्न नाकारल्यास, किंवा पाणीही पोटात टिकत नसल्यास, पशुवैद्यकाला लगेच दाखवावे. मूत्रपिंडाचा विकार किंवा दातदुखीही अशीच दिसते.