‘कोन अरुंद, तर मोतीबिंदूला हात लावू नका’: या फॉरवर्डबद्दल

घोडबंदर रोडच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘डोळ्याचा कोन अरुंद असेल तर मोतीबिंदूचं ऑपरेशन करू नका. प्रेशर वाढून काचबिंदू होतो. मोती पूर्ण पिकू द्या, तोवर थेंबांवर भागवा.’ नौपाड्यातल्या एका नेत्रालयात मी रोज डोळ्यांचं प्रेशर मोजते. तारीख रद्द करायला येणारे काका-काकू हाच मेसेज पुढे करतात.

‘ऑपरेशनने प्रेशर वाढतं.’ अशा डोळ्यांत बहुधा उलटंच घडतं. डोळ्यातलं पाणी बुबुळाचा रंगीत पडदा आणि पुढची पारदर्शक काच यांच्या कोनातून बाहेर जातं. वयाबरोबर आपली लेन्स जाड होते, मोतीबिंदूच्या वयात साडेचार-पाच मिलिमीटर भरते. ती पडद्याला मागून रेटते आणि कोन मिटत जातो. ऑपरेशनमध्ये ती काढून जेमतेम मिलिमीटरभर जाडीची बसवतात. पडदा मागे सरकतो, पाण्याला वाट मिळते.

२०१६ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या ‘ईगल’ चाचणीत तर मोतीबिंदू नसलेले ४१९ रुग्ण होते. कोन बंद होऊन एकतर काचबिंदू झालेला, नाहीतर प्रेशर ३० (मिलिमीटर पारा) किंवा त्याहून वर गेलेलं. एका गटाची स्वच्छ लेन्सच काढली, दुसऱ्याला नेहमीप्रमाणे लेझर (पडद्याला बारीक छिद्र) आणि थेंब. तीन वर्षांनी सरासरी प्रेशर पहिल्या गटात १६.६, दुसऱ्यात १७.९. फरक किरकोळ वाटेल, पण प्रेशरचे थेंब पहिल्या गटात पाचातल्या एकालाच लागत होते, दुसऱ्यात तिघांना.

मग ही भीती आली कुठून? ऑपरेशनच्या वेळी डोळ्यात घातलेली जेल थोडी आत राहिली तर पहिल्या दिवशी प्रेशर चढू शकतं. नंतरच्या स्टिरॉइडच्या थेंबांनीही काहींचं वाढतं. दुसऱ्या दिवशी तपासायला बोलावतात ते उगाच नाही. हे चढलेलं प्रेशर सहसा औषधाने उतरतं. शेजारच्या कुणाचा तेवढाच एक आकडा कानावर येतो आणि त्याचा मेसेज होतो.

‘मोती पिकू द्या’ हा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो. पिकत चाललेला मोती फुगू शकतो, आणि अरुंद कोनात फुगलेली लेन्स म्हणजे प्रेशरचा भडकाच.

अर्थात अशा डोळ्यांत जागा कमी, त्यामुळे ऑपरेशन नेहमीपेक्षा अवघड. कोन बराच काळ चिकटून राहिला असेल तर लेन्स काढूनही पुरता उघडत नाही, थेंब चालू ठेवावे लागतात. काचबिंदूने खराब झालेली डोळ्याची नसही परत येत नाही. म्हणून आधी गोनिओस्कोपी: डोळा बधिर करून आरशांचं छोटं भिंग पुढच्या पारदर्शक काचेवर टेकवतात, थोडं दाबून बघतात. नुसता चेपलेला कोन दाबल्यावर उघडतो, चिकटलेला तसाच राहतो. आणि नुसता कोन अरुंद, बाकी सगळं ठीक, अशा प्रत्येकाला ऑपरेशनच काय, लेझरही लागतोच असं नाही.

तारीख पुढे ढकललीच असेल, तर डोळा ठणकणं, लालपणा, दिव्याभोवती रंगीत कडी आणि उलट्या हे एकत्र आलं की त्याला ‘पित्त’ समजून झोपू नका. त्याच रात्री डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.