उतारावर गाडी बंद नका करू बाप्पा

आत्ता घरी आली, हातपाय धुतले, चहा बाजूला ठेवून पहिले हे लिहून राहिली. चहा घेतला की राग उतरतो आणि मग आपण म्हणतो जाऊ दे. आज नाही जाऊ देत.

आईचे डोळे दाखवायला बुलडाण्याला गेलो होतो. मोतीबिंदू पिकत आला म्हणे, पुढच्या महिन्यात ऑपरेशन. परतीच्या एसटीला दीड तास होता, उन्हात आईला कुठं बसवू, म्हणून काळीपिवळीत बसलो. पासिंग नऊ सवारीचं, आत सोळा, मागे लटकलेले दोघं वेगळे. ही तक्रार नाही, आपल्या सगळ्यांना माहीत आहे कसं असते ते, आणि मी त्या सोळातलीच एक होती. बसायच्या आधी सवयीनं मागच्या टायरकडे नजर गेली. पार टक्कल. टायरच्या खाचेत तळाशी बारीक उंचवटे असतात पहा, टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला म्हणजे खाच १.६ मिलिमीटर उरली, म्हणजे टायर संपला, बदला. इथं ते उंचवटेही घासून गेलेले. मी ड्रायव्हर पोराला म्हटलं, "भाऊ, टायर पाहिला का?" तर म्हणे, "मॅडम, अजून एक सीझन आरामात काढते तो." आणि मी बसली. हे लक्षात ठेवा, मी तरी बसली.

बुलडाण्याहून मोताळ्याकडे उतरणारा राजूर घाट लागला. पहिल्या वळणाच्या आधी त्यानं गाडी न्यूट्रल केली आणि किल्ली फिरवली. इंजिनचा आवाज गेला, नुसता वारा आणि त्याच्या मोबाइलमधलं रीलचं गाणं. मोबाइल डाव्या हातात, स्टेअरिंग उजव्या हाताच्या दोन बोटांवर. सोळा माणसं, एक वर्षाचं लेकरू, दोन कोंबड्या, डोळ्यांनी अर्धंच दिसणारी माझी आई, आणि गाडी बंद!

मी ओरडली. हो, ओरडलीच. "भाऊ, गाडी चालू कर, गिअरमध्ये टाक." तर ड्रायव्हरच्या आधी सवाऱ्याच माझ्यावर. "ओ मॅडम, रोजचा रस्ता आहे त्याचा." "भेव वाटते तर एसटीनं यायचं न." माझ्याच शाळेतल्या एका पोरीची माय होती, ती म्हणे, "बसा न बाई चूप, लेकरू उठते."

मला तिथंच बाबा आठवले. आमच्या बाबांनी एकोणीस वर्षं याच रस्त्यावर काळीपिवळी चालवली, बुलडाणा-मोताळा-मलकापूर. मी सातवीत होती तेव्हाची गोष्ट आहे, माझ्या जवळच्या लोकांनी दहादा ऐकली असेल, अकराव्यांदा ऐका. उन्हाळ्याचे दिवस, लग्नाची धामधूम, बाबांच्या गाडीत चौदा सवाऱ्या. घाटाच्या तोंडाशी बाबांनी ब्रेक दाबून पाहिला, ते नेहमीच दाबून पाहायचे, आणि पेडल थोडं खाली गेलं. थोडंसंच. भिजलेल्या गादीवर पाय ठेवल्यासारखं लागलं म्हणे. बाबांनी गाडी बाजूला घेतली, चाकामागे दगड लावले आणि सांगितलं, उतरा, ही गाडी खाली जात नाही. एकाची मलकापूरहून रेल्वे होती. त्यानं आईबहिणीवरून शिव्या दिल्या. चौदाच्या चौदा जणांचे पैसे बाबांनी परत केले, सगळे मागून आलेल्या जीपमध्ये कोंबून गेले.

ती जीप सुखरूप खाली पोचली. तिला काहीच झालं नाही. त्या माणसाला रेल्वेही मिळाली असेल. म्हणून मग वर्षभर स्टँडवर बाबांचं नाव पडलं 'भेकड'. "त्याच्या गाडीत नको बसू, तो अर्ध्यातून उतरवते." मेकॅनिकनं चाक खोललं तर चाकातलं ब्रेक दाबणारं व्हील सिलिंडर गळत होतं, लायनर, म्हणजे ब्रेकची घासणारी पट्टी, ब्रेक ऑइलनं ओलं झालेलं. पण ते कोणी पाहिलं? मेकॅनिकनं, बाबांनी आणि मी. मी डबा घेऊन गेली होती.

आता गाडी बंद केल्यानं काय होते ते सांगते, कारण आजच्या त्या सोळात किमान चौघांच्या घरी गाडी आहे आणि चौघंही हेच करत असणार. ब्रेकचा जोर आपल्या पायाचा नसते, इंजिन चालू असेपर्यंत जो व्हॅक्यूम, म्हणजे हवेची पोकळी, तयार होते त्याच्यावर पायाचा जोर वाढवणारं बूस्टर चालते. इंजिन बंद केलं की उरलेल्या व्हॅक्यूमवर दोन-तीनदा ब्रेक लागेल, पुढं पेडल दगड. पॉवर स्टेअरिंग असेल तर तेही जड. आणि किल्ली चुकून पूर्ण मागे गेली, निघून हातात आली, तर स्टेअरिंग लॉक होते, मग वळणावर काय करता, रामराम म्हणता? डिझेल वाचते म्हणे! अरे गाडी गिअरमध्ये ठेवून एक्सलेटरवरून पाय काढला की उतारावर चाकंच इंजिन फिरवतात, तेव्हा डिझेल जवळपास जातच नाही. म्हणजे ज्याच्यासाठी सोळा जीव टांगले ते वाचतसुद्धा नाही. बाबा म्हणायचे, ज्या गिअरमध्ये चढली त्याच गिअरमध्ये उतरवायची, ब्रेक फक्त वळणापुरता. सातवी नापास माणूस होता.

बरं, ड्रायव्हर लोकांचं पण आहे. डिझेलचा भाव कुठं गेला, गाडीचा हप्ता थांबत नाही, मार्च २०२३ पासून बायांना एसटीत अर्धं तिकीट, पंचाहत्तरीच्या वरच्यांना त्याच्याही आधीपासून फुकट, मग काळीपिवळीत बसते कोण? मान्य आहे. नवीन टायरची जोडी म्हणजे त्या पोराचं महिन्याचं राशन. मान्य. पण रील पाहायला कोणता हप्ता लागते?

आणि पासिंगचं नका सांगू मला. आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्याच्यावर दरवर्षी फिटनेस करावं लागते, कागद सगळ्यांजवळ असते. कागद असते हो, टायर त्या दिवसापुरते कोणाचे तरी मागून लावलेले असतात. हे मला कसं माहीत? आमच्या बाबांनी पण एकदा केलं होतं, मीच पाना धरून उभी होती. लिहू की नको असं झालं होतं, पण लिहिलं. त्या वर्षी कापसाचे पैसे अडकले होते आणि माझी फी भरायची होती. तरी चूक ते चूकच.

१ जुलै २०२३ आठवते का? आपलाच जिल्हा, सिंदखेड राजाजवळ समृद्धीवर मध्यरात्री बस उलटली, पेटली, २५ माणसं जळाली. त्या दिवशी या फेसबुकवर कोणाचा डीपी काळा नव्हता? कोण बोललं नव्हतं? चार दिवस सगळे इंजिनिअर झाले होते, टायर, डिझेलची टाकी, ड्रायव्हरची झोप. पाचव्या दिवशी त्याच लोकांनी ट्रॅव्हल्सवाल्याला फोन केला, "भाऊ, सकाळी सहाला पुण्यात पोचवते न?"

मला तेच म्हणायचं आहे, इतका वेळ घोळवून राहिली. तो पोरगा वीस-बावीसचा असेल. त्याला घाई कोणी शिकवली? आपण. पाच मिनिटं उशीर झाला की सीटवर थापा मारणारे आपण. टायरमध्ये हवा भरायला थांबला तर "आत्ताच सुचलं का तुले" म्हणणारे आपण. बाबांना भेकड म्हणणारे चौदाही आपल्याच गावचे होते, त्यातले तीन तर आमच्याकडे जेवून गेलेले. जो सांभाळून चालवते त्याची गाडी रिकामी आणि जो उडवत नेते त्याच्या टपावर माणसं. मग कोण कायले सांभाळून चालवीन?

(आमच्या ह्यांनी आत्ता मागून वाचलं आणि म्हणतात, आपल्या गाडीचं लिही न. लिहिते. मघाशी अंगणात जाऊन मोबाइलच्या उजेडात आमच्या कारचे टायर पाहिले. टायरच्या बाजूला एका लांबट चौकटीत चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. आमच्यावर ३८१७ आहे. म्हणजे २०१७ चा अडतिसावा आठवडा. खाच भरपूर आहे कारण गाडी उभीच असते, पण रबराला बारीक चिरा पडल्यात. हवा दिवाळीनंतर पाहिलीच नाही. स्टेपनी तर पूर्ण बसलेली. आणि मी त्या पोराला टायर दाखवत होती. हसा.)

आणि हवेचं खरंच ऐका, आता ऊन ४२-४३ वर चाललं आहे. आपल्याकडे समज आहे की उन्हाळ्यात टायर फुटू नये म्हणून हवा कमी ठेवायची. उलटं आहे. हवा कमी असली की टायरचा गाल, म्हणजे बाजूचा भाग, जास्त दबते, सारखा दबून-उघडून आतून तापते, आणि तापला की फुटते. किती हवा ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेलं असते, सकाळी गाडी थंड असताना मोजायची. पाच मिनिटांचं काम. मी सहा महिन्यांत केलं नाही, तुम्ही पण नसेल केलं.

राग आता थोडा उतरला. चहा थंडा झाला आहे.

मोताळ्याला काय झालं ते राहिलंच. घाट उतरला, मी बोलून बोलून थकली, पोरानं शेवटच्या दोन वळणांना गाडी चालू केली, उपकार केल्यासारखी. मोताळ्यात थांबलो तर करपट वास. लायनर जळल्याचा वास ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे. सवाऱ्या नाकाला पदर लावून उतरल्या आणि आपापल्या वाटेनं. मी रिक्षा पाहत होती, मागे वळली तर आई नाही. आई गाडीच्या मागच्या चाकाजवळ वाकलेली, तळहात रिमपासून चार बोटं दूर धरून. बाबा असंच करायचे, प्रत्येक फेरीला, चारही चाकांना, हात न लावता. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलं म्हणजे तिथं ब्रेक धरून राहिला आहे किंवा बेअरिंग चाललं आहे. आईनं स्वतः कधी केलेलं मी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात पोरगा पाण्याची कॅन घेऊन आला, चाकावर ओतायला. आई म्हणे, "थांब रे. तापल्या ड्रमवर पाणी नको मारू, तडकते तो. राहू दे अर्धा घंटा, आपोआप थंडा होते. आणि इकडचं जास्त तापलं आहे तिकडच्यापेक्षा, उद्या खोलून पाह्य."

माझ्या तोंडाला तोंड देणारा तो पोरगा कॅन खाली ठेवून उभा राहिला. "काकू, तुम्हाले कसं माहीत?"

"घरी गाडी होती," आई म्हणे. मग कमरेची पिशवी काढली, डोळ्याजवळ नेऊन नोट पाहिली, दोघींचं भाडं दिलं आणि वरचे दहा रुपये मागून घेतले.