अडॅप्टर बसला म्हणजे लेन्स बसली?

चवथ (गोव्याची गणेश चतुर्थी) जवळ आली की आमच्या कॅमेरावाल्या मंडळींना वाइड लेन्स आठवते. खोली दहा बाय दहाची, त्यात मखर, वर माटोळी (गणपतीवर टांगलेली फळापानांची चौकट), आणि सगळं एका चौकटीत हवं. यंदा त्याच सुमारास एक सल्ला हातोहात फिरला. थोडक्यात असा: ‘नव्या वाइड लेन्सवर पैसे घालू नका. रेंजफाइंडरची (लाइकासारख्या जुन्या फिल्म कॅमेऱ्याची) जुनी वाइड लेन्स घ्या, साधा अडॅप्टर (मधली जोडकडी) लावा, मिररलेसवर (आरसा नसलेल्या डिजिटल कॅमेऱ्यावर) चढवा. माउंटचं (लेन्स जिथे बसते त्या कड्याचं) सेन्सरपासूनचं अंतर पुरतं, म्हणजे फिल्मवर जे मिळायचं तेच सेन्सरवर मिळतं. कोपरे मऊ आले तर छिद्र लहान करून एफ/८ ला जा. कडेला रंग चढला तर सॉफ्टवेअर काढतं, आणि सेन्सर नवा असेल तर तोही चढत नाही. नाहीच जमलं तर छोट्या सेन्सरवर लावा, कोपरे आपोआप कापले जातील.’

हे सगळं मी दोन वर्षांपूर्वी करून बसलोय. १५ मिलिमीटरची जुनी लेन्स, पूर्ण फ्रेमची (फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरची) बॉडी, घरचीच माटोळी. मखराच्या जरीचा धागा न धागा मोजता येत होता. वरच्या डाव्या कोपऱ्यातला सुपारीचा घोस मात्र ओल्या बोटाने पुसल्यासारखा. काकी म्हणाली, ‘हांगा पाऊस पडलो काय रे?’

माउंटच्या अंतराचं गणित चुकलेलं नाही. लाइका एम माउंटपासून फिल्मपर्यंत २७.८ मिलिमीटर लागतात. सोनी ई माउंटला १८, निकॉन झेडला १६, कॅनन आरएफला २०. मधली जागा अडॅप्टर भरून काढतो. पण ते गणित फक्त मधोमध फोकस लागेल एवढंच सांगतं. रेंजफाइंडरमध्ये आरसा नसतो, म्हणून लेन्स रचणाऱ्यांनी मागची काच फिल्मच्या अगदी जवळ नेऊन ठेवली. लेन्स रचनाकार बेर्टेले यांची झाइस कंपनीसाठीची बायोगॉन हे त्याचं ठळक उदाहरण. अशा लेन्समधून कोपऱ्याकडे जाणारा किरण फार तिरपा निघतो. फिल्मला त्याचं काही वाटत नसे, कारण फिल्मच्या पुढे काहीच नव्हतं.

सेन्सरच्या पुढे काच असते. तिच्यात अवरक्त किरण अडवणारा फिल्टर असतो, वर धूळ झाडायची व्यवस्था. ही काच २ मिलिमीटर जाड धरू, अपवर्तनांक (काच किरण किती वाकवते ते) १.५. सरळ येणाऱ्या किरणांचा फोकस तिच्यामुळे सुमारे ०.६७ मिलिमीटर मागे सरकतो. ४५ अंशांनी येणाऱ्यांचा एका दिशेत ०.९३, तर दुसऱ्या दिशेत चक्क १.३. म्हणजे मधे फोकस लावला की कोपरा पाव मिलिमीटर ते त्याच्या अडीच पट चुकलेला, आणि तोही दोन दिशांना वेगवेगळा. घोस सगळीकडे सारखा पुसट न होता एका बाजूला ओढला गेला तो यामुळेच. लेन्स बिचारी निर्दोष आहे. तिच्या रचनेत नसलेली एक काच आपण मधे घातली.

हे कंपन्यांना केव्हाचं ठाऊक आहे. लाइकाने २००६ च्या एम८ या डिजिटल रेंजफाइंडरमध्ये ही काच अर्ध्या मिलिमीटरवर आणली, तर अवरक्त किरण आत शिरून काळे सिंथेटिक कपडे जांभळे दिसू लागले. २००९ च्या एम९ मध्ये ती ०.८ केली; कडेची सूक्ष्मभिंगं (पिक्सेलवरची इवलीशी भिंगं) दोन्हींत सरकवून बसवली होती. झाइसने २०१४ मध्ये सोनीसाठी लॉक्सिया मालिका काढली तेव्हा ३५ मिलिमीटरची बायोगॉन त्या सेन्सरसाठी पुन्हा जुळवून घेतली. नुसत्या अडॅप्टरने भागत असतं तर हा खटाटोप कुणी केला असता?

आता एफ/८. पिक्सेलच्या पातळीवर, म्हणजे ०.०१ मिलिमीटरचा ठिपका चालवून घेतला, तर एफ/८ ला फोकसची मुभा दोन्हीकडे ०.०८ मिलिमीटर मिळते. आपली चूक पाव मिलिमीटरपासून सुरू होते. एफ/८ ने कोपरा सुधारतो, बरा होत नाही. एफ/१६ ला अजून सुधारतो, पण तिथे विवर्तनाने (छिद्र फार लहान झालं की प्रकाश पसरतो त्याने) मधलाही भाग उतरायला लागतो. चवथीच्या खोलीत एफ/१६ ला उजेड कुठून आणायचा, हा प्रश्न वेगळाच.

रंगाचं प्रकरण पणजीच्या चर्चसमोर बघा. पणजीतल्याच मळा या जुन्या वाड्यातल्या पिवळ्या-निळ्या भिंतींवर ते लपतं, चर्चच्या पांढऱ्या भिंतीवर उघडं पडतं: एका कडेला गुलाबी-जांभळी छटा, दुसऱ्या कडेला हिरवट. तिरपा प्रकाश एका पिक्सेलच्या रंगगाळणीतून शिरून शेजारच्या पिक्सेलमध्ये सांडतो, त्याचा हा परिणाम. सॉफ्टवेअर हे काढतं, खरं आहे. पण त्यासाठी त्याच अॅपर्चरला पांढऱ्या अर्धपारदर्शक प्लास्टिकमधून एक कोरा फोटो काढून ठेवावा लागतो, आणि कोपऱ्यांचा अंधार उजळावा लागतो. सममित मांडणीच्या १५ मिलिमीटर लेन्समध्ये कोपऱ्यात मधल्याच्या जेमतेम दहावा हिस्सा उजेड पोचतो, म्हणजे तीन स्टॉपहून (दर स्टॉपला उजेड निम्मा) जास्त फरक. फोटो आयएसओ १६०० ला काढला असेल तर कोपरा १२८०० चा दाणा घेऊन येतो.

नव्या सेन्सरबद्दलचा दावा अर्धा मान्य. २०१३ च्या सोनी ए७आरवर जी छटा यायची ती २०१५ च्या ए७आर २ वर पुष्कळ कमी झाली, कारण त्यात प्रकाश मागच्या बाजूने घेतला जातो. पण वरची काच तिथेच राहिली. रंग गेला, पुसट कोपरा राहिला. निकॉन झेडची काच त्या मानाने पातळ आहे आणि फरक दिसतो.

छोट्या सेन्सरचा उपाय मला कधीच कळला नाही. १५ ची लेन्स तिथे साडेबावीससारखी दिसते, मग वाइड कशाला घेतली? शिवाय कोपऱ्यातला किरण तिथेही ४३ अंशांचा असतो. सोनी एनईएक्स-७ छोट्याच सेन्सरचा, तरी जांभळ्या कडांसाठी बदनाम झाला.

‘साधा अडॅप्टर’ हा शब्द मात्र मला सगळ्यात महाग पडला. स्वस्त अडॅप्टर बहुधा किंचित पातळ कापतात, म्हणजे अनंतावर (अगदी लांबच्या गोष्टींवर) फोकस नक्की लागतो, कुणी तक्रार करत नाही. ०.१ मिलिमीटर पातळ असला तर ५० च्या लेन्सवर अनंत २५ मीटरच्या खुणेवर येतं, चालून जातं. १५ च्या लेन्सवर तेच सव्वादोन मीटरवर येतं! शिगम्याच्या (गोव्यातल्या होळीच्या सणाच्या) गर्दीत मी लेन्सवरचं अंतराचं स्केल दोन मीटरवर लावून रोमटांमेळाचे (ढोल-ताशांच्या नाचत्या मिरवणुकीचे) धडाधड फोटो काढले. ढोल-ताशे वाजवणारे सगळे धूसर, मागच्या इमारतीवरचा बोर्ड लख्ख.

५० मिलिमीटरला यातलं जवळजवळ काहीच होत नाही, ३५ च्याही बहुतेक लेन्स कामाच्या आहेत. वाइडच हवी तर फॉइग्टलँडर कंपनीच्या १५ ची २०१५ मधली तिसरी आवृत्ती डिजिटलसाठी नव्याने रचलेली आहे, ती घ्या. लांब आणि जड आहे, पण कडा सांभाळते.

जुनीच घ्यायची असेल तर पैसे देण्याआधी आपली बॉडी आणि अडॅप्टर घेऊन पणजी चर्चच्या पायऱ्यांखाली उभे राहा. घंटा चौकटीत मधोमध ठेवून एक फोटो, मग फोकसला हात न लावता चारही कोपऱ्यांत ठेवून चार. एकच कोपरा बिघडला तर लेन्सचं भिंग सरकलंय किंवा अडॅप्टर वाकडा आहे. चारही सारखेच पुसट आले तर कोपऱ्यातल्या घंटेवर पुन्हा फोकस लावून बघा. तरीही ती एका बाजूला ओढलेलीच राहिली, तर लेन्स पुसून परत द्या. आणि हो, आत बुरशी आहे का तेही टॉर्च मारून बघा; आपल्याकडच्या चार पावसाळ्यांत ती कुठल्याही कंपनीची काच सोडत नाही.