'एकेकटे वर आले' म्हणे!

नातेवाइकांच्या ग्रुपवर एक संदेश फिरतोय. म्हणणं असं: 'इटालियन लोक अमेरिकेत गेले, कुणापुढे हात पसरला नाही, एकेकटे कष्ट करून वर आले, लगेच इंग्रजी शिकून अमेरिकन झाले. त्यांचे क्लब म्हणजे पत्ते, दारू आणि माफिया.' वाक्यागणिक चूक आहे.

'एकेकटे.' फ्लोरिडात टॅम्पा शहरात ईबोर सिटी नावाची सिगार कामगारांची वस्ती होती. तिथे 1894 मध्ये 'ल'उनिओने इतालियाना' हे इटालियन लोकांचं मंडळ निघालं. बार्तोलोमेओ फिलोगामो पहिले अध्यक्ष. कामगार कमाईतून वर्गणी भरायचे. आजारी पडलं तर मंडळाने ठरवलेला डॉक्टर, आणि मेलं तर मंडळाच्याच दफनभूमीत जागा. तिथल्या थडग्यांवर चिनी मातीच्या लंबगोल चकतीवर माणसाचा फोटो असतो. ही भिशी नव्हे बरं का. भिशीत आपल्या पाळीची वाट बघतात, इथे पैसे भरून पाळी येऊ नये अशीच प्रार्थना. हात पसरावा लागला नाही, तो या वर्गणीमुळे.

'पत्ते, दारू.' होतेच की! सेव्हन्थ अॅव्हेन्यू या रस्त्यावर 1918 साली उभ्या राहिलेल्या मंडळाच्या खांबांच्या भव्य इमारतीत गुत्ता होता. तसंच नाट्यगृह, ग्रंथालय आणि नाचाचं दालनही होतं. संदेशवाल्याची नजर गुत्त्यावरच अडकली.

'माफिया.' टॅम्पात माफिया होता, टोळी चालवणाऱ्या ट्राफिकान्ते बापलेकांचं नाव कुप्रसिद्ध आहे. पण मंडळातले बरेच लोक सिसिली या इटलीच्या बेटावरल्या सांतो स्तेफानो क्विस्क्विना या गावचे. तिथे 1893 मध्ये लोरेन्झो पानेपिंतो या शाळामास्तराने शेतकऱ्यांचा 'फाशो', म्हणजे संघ, उभारला. (मुसोलिनीच्या फॅसिस्ट पक्षाचा याच्याशी काही संबंध नाही, तो फार पुढचा.) पुढच्याच वर्षी सरकारने सिसिलीभरचे फाशो चिरडले. पानेपिंतो नंतर काही काळ टॅम्पालाही येऊन राहिला. गावी परतल्यावर 1911 मध्ये माफियाने त्याला त्याच्या दाराशीच गोळ्या घातल्या. म्हणजे या गावच्या लोकांसाठी माफिया म्हणजे आपल्या मास्तरला मारणारे. एकत्र येऊन वर्गणी काढायची सवय त्यांना अमेरिकेने लावली नाही, ती त्यांनी गावाकडून आणली होती.

'लगेच इंग्रजी.' हे तर सर्वांत मजेशीर. ईबोर सिटीतले इटालियन आधी स्पॅनिश शिकले! कारखान्यात स्पॅनिश आणि क्यूबन लोकांचा भरणा, मंडळाच्या संस्थापकांतही काही स्पॅनिश होते. कारखान्यात उंच मचाणावर बसून 'लेक्तोर' स्पॅनिशमधून वर्तमानपत्रं, कादंबऱ्या मोठ्याने वाचायचा आणि खाली शेकडो हात तंबाखूची पानं वळत असायचे. त्याचा पगार कामगार स्वतःच्या खिशातून देत. मालकांना ते वाचन खुपायचं. 1931 मध्ये त्यांनी लेक्तोर काढून टाकले. नंतर त्या जागी रेडिओ आले. घरी सिसिलियन, कारखान्यात स्पॅनिश. इंग्रजी घरात आणली ती शाळेत जाणाऱ्या पोरांनी.