घड्याळ साडेपाच तास मागे पडणे हा बॅटरीचा दोष नव्हे

एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स ठेवल्यास विंडोजमधील वेळ मागे पडते आणि त्यासाठी मदरबोर्डवरील बॅटरी बदलावी, असे सांगितले जाते. ते बरोबर नाही. लिनक्स हार्डवेअर घड्याळात (संगणक बंद असतानाही बॅटरीवर चालणाऱ्या मदरबोर्डवरील घड्याळात) सहसा जागतिक प्रमाणवेळ लिहिते, तर विंडोज तीच स्थानिक वेळ समजून दाखवते, म्हणून भारतात फरक नेमका ५ तास ३० मिनिटांचा पडतो. बॅटरी संपल्यास घड्याळ इतका हिशेब ठेवत नाही. वीज तोडल्यावर ते बहुधा एखाद्या जुन्याच तारखेवर जाते. उपाय म्हणजे दोन्ही प्रणालींना एकच पद्धत लावणे. लिनक्सला स्थानिक वेळ वापरायला सांगता येते, परंतु विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे तिच्या सेटिंग्ज साठवणाऱ्या नोंदवहीत, 'रिअलटाइमइजयुनिव्हर्सल' (RealTimeIsUniversal) या नोंदीचे मूल्य १ करणे अधिक बरे.