शेवंतीच्या झोपेचे खोबरे

पहिल्या पावसाच्या रात्री माझ्या बागेतील शोभेचे शंख चालू लागले. उन्हाळ्यात कुंपणाकडेचा पाचोळा उपसताना ते मला सोळा-सतरा सापडले होते. लिंबाएवढे, तपकिरी पट्ट्यांचे, आणि प्रत्येकाच्या तोंडावर पांढरट पापुद्रा घट्ट बसलेला. आतला जीव केव्हाच गेला असणार अशी माझी खात्री असल्यामुळे मी ते कोरड्या फडक्याने पुसले, झेंडूच्या वाफ्याच्या सावलीतल्या कडेला ओळीने मांडले आणि आल्यागेल्याला कौतुकाने दाखवलेही. कोरड्या दिवसांत गोगलगाय शंखाचे तोंड बंद करून महिनोन्महिने आत झोपून राहते, हे तेव्हा ठाऊक असते तर मी निदान त्यांचे अंथरूण जेवणाच्या पानाशेजारी घातले नसते. सकाळी पाहतो तो वाफ्याची कड ओकीबोकी आणि झेंडूच्या रोपांच्या जागी नुसत्या हिरव्या काड्या.

गावाकडच्या बागेत ऋतू बदलतो म्हणजे नेमके काय होते, हे मला त्या सकाळी प्रथम समजले. मागच्या ऋतूत केलेला शहाणपणा या ऋतूत अंगावर येतो. उन्हाळ्यात मी सगळ्या वाफ्यांवर चार बोटे जाडीचा पाचोळा पसरला होता, आणि ते बरोबरच होते. पाचोळ्याखाली माती गार राहते, ओल टिकते, पाणी कमी लागते. पाऊस सुरू झाल्यावर मात्र तोच पाचोळा गोगलगायींची धर्मशाळा झाला. त्यातून गोगलगायींत नर वेगळा आणि मादी वेगळी अशी सोय नसते. प्रत्येकीच्या अंगी दोन्ही गुण असल्यामुळे अंडी न घालणारी अशी कोणी उरतच नाही, आणि या मोठ्या जातीची एकेक गोगलगाय एका वेळी शंभराच्या वरही अंडी सहज घालते. मी रोज रात्री दातांत विजेरी, एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात बादली अशा अवस्थेत वेचणीला निघू लागलो. वेचायला तिसरा हात नाही, हे वाफ्यापाशी पोहोचल्यावरच लक्षात येई.

“अरे, इतक्या रात्री काय शोधतोयस? काही हरवलंय का?” शेजारच्या आजींनी कुंपणापलीकडून विचारले.

“गोगलगायी वेचतोय, आजी.”

“मग आधी तो पाचोळा काढ. पाहुण्यांना गादी घालून द्यायची आणि वर म्हणायचं, उठत का नाहीत!”

पाचोळा काढण्याचे काम अर्थातच कष्टाचे होते. म्हणून मी त्याऐवजी ओसरीच्या खांबावर एक मोठा दिवा बसवला, जेणेकरून दातांतली विजेरी तरी सुटावी. तो संध्याकाळी आपोआप लागे आणि पहाटे आपोआप विझे. या दिव्याचा मला फार अभिमान वाटत असे.

लव्हाळ्याबद्दल मी थोडक्यातच सांगतो, कारण तो विषय माझ्या प्रकृतीला मानवत नाही. पावसाळाभर मी तो खुरप्याने काढला आणि जितका काढला तितका तो वाढला. जमिनीखाली त्याच्या गाठी साखळीसारख्या जोडलेल्या असतात. साखळी तुटली की ज्या गाठी आजवर गप्प होत्या त्यांनाही कोंब फुटतात. म्हणजे मी खुरपणी समजत होतो ती प्रत्यक्षात लागवड होती.

हिवाळ्यात मी गुलाबांकडे वळलो. भर उन्हाळ्यात बागेत फिरून, कोठे सकाळचे कोवळे ऊन पडते हे चार दिवस नीट पाहून, मी त्यांना घराच्या उत्तरेची जागा दिली होती. पृथ्वीचा आस सुमारे 23.5 अंशांनी कललेला आहे, हे मी शाळेत पाठ केले होते आणि परीक्षेत लिहून गुणही मिळवले होते. पण त्या कलण्यामुळे हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे सरकेल आणि माझ्याच घराची सावली माझ्याच गुलाबांवर पडेल, हे कोणत्याही प्रश्नपत्रिकेत विचारलेले नव्हते. गुलाब त्या सावलीत हिरमुसून उभे राहिले.

खरी फजिती केली ती शेवंतीने. ओसरीलगत लावलेली सहा झाडे अंगाने भरली, हिरवीगार झाली, पण कळीचे नाव नाही. मी खत वाढवले, मग कमी केले. मावा पडला असेल म्हणून एकेक पान उलटून पाहिले. कुंपणापलीकडे मात्र आजींची शेवंती पिवळी धमक फुललेली, आणि तिला त्या विशेष काही करतात असेही दिसेना. शेवटी पुस्तके उघडली, तेव्हा उलगडा झाला. दिवसाच्या लांबीचा फुलण्याशी संबंध असतो, हे गार्नर आणि अलार्ड या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी 1920 सालीच दाखवून दिले होते. पुढे असेही कळले, की शेवंतीसारखी झाडे मोजतात ती खरे तर रात्र. सलग, मोठी, अखंड काळोखाची रात्र मिळाली तरच त्यांना कळ्या धरतात. फुलांची शेती करणारे लोक बहर लांबवायचा असला की मुद्दाम शेवंतीवर रात्री दिवे लावतात. मी तेच तंत्र पावसाळ्यापासून एकही रात्र न चुकता राबवत होतो.

मी हे सगळे आजींना, सालासकट, समजावून सांगितले.

“एवढं वाचायला कशाला हवं होतं?” त्या म्हणाल्या. “डोळ्यांवर दिवा धरला तर तुला तरी झोप येईल का? मालव तो.”

दिवा मालवला. त्याच रात्री अंधारात ओसरी उतरताना पावसाळ्यापासून तेथेच राहिलेली बादली पायात आली, आणि पुढचे काही दिवस मी बागेकडे खिडकीतूनच पाहिले. शेवंतीने मात्र शब्द पाळला. तिने रात्री मोजल्या, कळ्या धरल्या आणि सुमारे दोन महिन्यांनी सहाही झाडे एकदम फुलली. तोवर थंडी संपली होती, दुपारी अंगणात पाय भाजू लागले होते, आणि पाकळ्या उमलता उमलताच कडांनी करपू लागल्या. एवढ्या उशिरा आलेले वैभव निदान आठवडाभर तरी टिकावे, मुळांशी थोडा गारवा राहावा, म्हणून मी कुंपणाकडे गेलो आणि पाचोळ्याची टोपली भरून आणली.

पहिल्याच झाडाच्या बुंध्याशी टोपली पालथी केली, तेव्हा पानांबरोबर काहीतरी टणकन बादलीवर आपटले आणि घरंगळत पायाशी आले. लिंबाएवढे होते. तोंडावर पांढरट पापुद्रा घट्ट बसलेला होता.